फ्रिजमध्ये बसलेला नवरा

जपानी चित्रकर्ती ताबाइमो आणि तिची हलती चित्रं

मैत्रिणींनो, एक स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. आपलं नव्हे हं, जपानमधलं. पण अगदीच परकं वाटावं असंही ते नाही. ओटा आहे, भाजी चिरायची फळी आणि सुरी आहे, फ्रिज आहे, टीव्ही चालू आहे. एक मध्यमवयीन गृहिणी चिराचिरी करते आहे. हात सवयीनं चालले आहेत आणि मन कुठं भलतीकडेच आहे. हा प्रकार तुम्हांला समजावून सांगायला नको.

मग ती फ्रिज उघडते. आत एक माणूस बसलेला आहे! ऑफिसात बसतात तसा, टेबलाशी, खाली मान घालून. फ्रिजच्या गारठ्यात त्याचं काम चालू आहे. बाईला त्याचं काहीच नवल वाटत नाही. कोबीचा गड्डा काढावा तसं ती त्याला बाहेर काढते आणि सुरीनं त्याची मान उडवते. तिकडे टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगताहेत. आज काय पडणार आहे? पाऊस नव्हे, हायस्कूलची मुलं. आणि तशी ती आभाळातून पडतातही.

‘अगंबाई, हे काय भलतंच!’ असं तुमच्या तोंडून निघालं असेल तर त्यात तुमचं काही चुकलं नाही. जगभरच्या प्रदर्शनांत लोक हे चित्र पाहताना आधी हसले आहेत आणि मग गप्प झाले आहेत. चित्राचं नाव ‘जपानी स्वयंपाकघर’. ते केलं १९९९ साली, एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं, शेवटच्या वर्षाचं काम म्हणून. त्याच वर्षी किरिन या कंपनीतर्फे नव्या कलावंतांना दिला जाणारा पहिला पुरस्कार तिला मिळाला. आणि ताबाइमो हे नाव जपानला माहीत झालं.

अशा चित्राची ओळख या पानांवर कशाला, असंही एखादीला वाटेल. त्याचं कारण सोपं आहे. ज्या जागेत आपला निम्मा दिवस जातो, ती जागा या बाईनं देशाची अवस्था सांगण्यासाठी निवडली. संसद नाही, रणांगण नाही, कारखाना नाही. स्वयंपाकघर! त्यामागं काय विचार होता ते बघण्यासारखं आहे.

‘ताबाताची धाकटी’

आधी तिच्या नावाची गंमत सांगते. तिचं खरं नाव आयाको ताबाता. जन्म १९७५ चा, ह्योगो प्रांतातला. ओसाका-कोबेच्या बाजूचा हा भाग. तिला मोठी बहीण होती आणि तिच्यामुळे लोक हिला ‘ताबाता नो इमोतो’ म्हणत. म्हणजे ‘ताबाताची धाकटी बहीण’. बोलता बोलता त्याचं झालं ‘ताबाइमो’. पुढं हेच नाव तिनं चित्रांसाठी घेतलं आणि लिहिताना अशी अक्षरं निवडली की वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागावा ‘कंदांची जुडी’. जपानीत ‘इमो’ म्हणजे बटाट्या-रताळ्यासारखा कंद.

कुणाची तरी बहीण, कुणाची तरी सून, बंडूची आई, जोशांच्या वहिनी. आपल्यापैकी कितीजणींची हाक अशीच असते! नात्यानं मारलेली हाक गोड असते हे खरं. पण वर्षानुवर्षं तीच ऐकली की आपलं स्वतःचं नाव कागदोपत्रीच उरतं. ताबाइमोनं ती हाकच उचलली आणि तिचंच स्वतःचं नाव केलं. आज मोठमोठ्या संग्रहालयांच्या दारावर ‘ताबाताची धाकटी’ असं लिहिलेलं असतं, आणि ती ताबाता कोण हे कुणी विचारत नाही.

तिचं शिक्षण क्योतोच्या कला आणि डिझाइन विद्यापीठात झालं. केइइची तानाआमी हे जपानमधले नावाजलेले चित्रकार तिथं तिचे शिक्षक होते. भडक रंगांची, स्वप्नात पाहावी तशी चित्रं आणि छोटे चलचित्रपट यांसाठी ते प्रसिद्ध. त्यांच्या हाताखाली शिकताना या मुलीला आपली वाट सापडली: हातानं काढलेली चित्रं हलती करायची, पण ती सिनेमासारखी थिएटरात दाखवायची नाहीत. त्यांच्यासाठी खोलीच बांधायची.

खोलीच्या आत चित्र की चित्राच्या आत आपण?

‘व्हिडिओ इन्स्टॉलेशन’ हा शब्द ऐकला की उगाच दडपण येतं. पण कल्पना साधी आहे. भिंतीवर टांगलेलं चित्र आपण समोर उभं राहून पाहतो. सिनेमा खुर्चीत बसून पाहतो. इन्स्टॉलेशनमध्ये कलावंत एक जागाच उभी करतो आणि आपल्याला तिच्यात बोलावतो. ‘जपानी स्वयंपाकघर’ पाहायला जाल तेव्हा तुम्ही एका छोट्या जपानी खोलीत शिराल आणि तीन बाजूंना तीन पडदे दिसतील. एका पडद्याकडे पाहावं तर दुसऱ्यावर काहीतरी होऊन जातं. म्हणजे तुम्ही त्या बाईच्या स्वयंपाकघरात येऊन बसलेल्या पाहुण्याच! आणि ती समोर सुरी चालवत असताना पाहुणी काही करत नाही, नुसती बघत बसते. ही टोचणी ताबाइमोला हवीच असते.

पुढची कामंही तिनं अशाच रोजच्या जागांवर केली. ‘जपानी रस्ता ओलांडण्याची जागा’ १९९९ चं. ‘जपानी स्नानगृह – पुरुषांचे’ हे २००० चं. जपानमध्ये गावोगावी सार्वजनिक स्नानगृहं असत, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. या मुलीनं नेमकी पुरुषांची बाजू निवडली, हे लक्षात घ्या! २००१ मध्ये योकोहामाच्या मोठ्या प्रदर्शनात तिनं ‘जपानी लोकल गाडी’ मांडली. तिथं पाहणारा आगगाडीच्या डब्यात असल्यासारखा पडद्यांच्या मधोमध उभा राहतो. २००६ मध्ये बायकांचं सार्वजनिक शौचालयही तिनं तीन पडद्यांवर आणलं. जिथं आपण अनोळखी माणसांच्या अगदी जवळ असतो आणि तरी एकमेकींकडे पाहत नाही, अशा या सगळ्या जागा.

मान कापली, म्हणजे काय झालं?

आता पुन्हा त्या फ्रिजमधल्या माणसाकडे वळू. त्याची मान का कापली गेली?

जपानी भाषेत मानेला ‘कुबी’ म्हणतात. आणि एखाद्याला नोकरीवरून काढलं, तर ‘त्याची कुबी कापली’ असं म्हणतात. रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग. बोलताना कुणाच्या मनात रक्त येत नाही. आपण नाही का सहज म्हणत, ‘साहेबानं त्याच्या पोटावर पाय आणला’? आता कुणी हे वाक्य जसंच्या तसं चित्रात काढलं तर? एक अवाढव्य बूट आणि त्याखाली एका कारकुनाचं पोट! ताबाइमोनं हेच केलं. शब्द बोथट झाला होता, तिनं त्याला पुन्हा धार लावली.

हे १९९९ मध्येच का सुचलं, हेही पाहायला हवं. जपानमध्ये कितीतरी वर्षं अशी पद्धत होती की मोठ्या कंपनीत एकदा माणूस लागला की निवृत्त होईपर्यंत तिथंच. त्यानं सकाळी जायचं, रात्री उशिरा यायचं. तिनं घर आणि मुलं सांभाळायची. पगाराचे पैसे पुष्कळ घरांत बायकोच्या हाती येत आणि नवऱ्याला खिशाला खर्च तीच मोजून देई. त्याला ‘कोझुकाइ’ असा शब्दही आहे. ऐकायला छान वाटतं! पण त्या बदल्यात नवरा घरात दिसायचाच नाही. हा अलिखित करार होता, आणि त्यावर सगळा संसार उभा होता.

१९९० नंतर जमिनीच्या आणि शेअर्सच्या फुगलेल्या किमती कोसळल्या आणि या कराराला तडे गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये यामाइची ही शंभर वर्षांची शेअर दलाल कंपनी बुडाली. तिचे अध्यक्ष पत्रकारांसमोर ढसाढसा रडले, ‘कामगारांचा यात दोष नाही’ म्हणाले. ते दृश्य घरोघरी टीव्हीवर दिसलं. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, जपानमध्ये आत्महत्या करणाऱ्यांची संख्या ३२,८६३ झाली. आदल्या वर्षी ती २४,३९१ होती. एका वर्षात एवढी वाढ! आणि त्यांत मध्यमवयीन पुरुषांचा आकडा मोठा होता. त्यानंतर २०११ पर्यंत ही संख्या दर वर्षी ३० हजारांच्या वरच राहिली.

म्हणजे फ्रिजमधला तो माणूस कोण, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. तो कुणाचाही नवरा आहे. फ्रिजमध्ये ठेवलेली वस्तू टिकते, पण ती लागेपर्यंतच. नोकरी सुटली म्हणजे ती वस्तू शिळी झाली. आणि आभाळातून पडणारी ती मुलं? ज्या मुलांनी हा करार पुढं चालवायचा, ती पोरं पावसासारखी पडताहेत, आणि टीव्हीवरचा माणूस छत्री घेऊन जा म्हणावं इतक्या सहज ते सांगतो आहे.

पण मला सगळ्यात बोचतं ते वेगळंच. मान कापणारी सुरी साहेबाच्या हातात नाही, गृहिणीच्या हातात आहे. ती दुष्ट आहे का? तिच्याकडे पाहून तसं वाटत नाही. तिला स्वयंपाक उरकायचा आहे. बाहेर जे घडतं, त्याचा शेवटचा हिशेब घरात बाईलाच करावा लागतो. पगार आला नाही तर भाजीत काटकसर कोण करतं? मुलगा बोलेनासा झाला तर ताट पुढं कोण सरकवतं? देशाचं जे काही बिघडतं ते फिरून फिरून ओट्यावर येतं, आणि ते चिरून शिजवून वाढण्याचं काम तिचं. असं करता करता तीही हळूहळू निबर होते. टीव्हीवर काय सांगताहेत ते ऐकते आणि सुरी चालवत राहते. यात तिचा बचाव आहे आणि तिच्यावर आरोपही आहे. ताबाइमो दोन्ही समोर ठेवते आणि निकाल देत नाही.

जुन्या छापांचे रंग

एवढी भेसूर गोष्ट, पण चित्रं भडक नाहीत. शांत, जुनाट, डोळ्यांना बरे वाटणारे रंग. हे रंग आले कुठून?

जपानमध्ये दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी लाकडी ठशांनी छापलेली चित्रं घरोघरी घेतली जात. त्यांना ‘उकियो-ए’ म्हणतात, म्हणजे या वाहत्या जगाची चित्रं. राजवाड्यांसाठी नव्हेत, सामान्य माणसांना परवडतील अशी. नट, गणिका, पैलवान, बाजार, पाऊस, प्रवास, सगळं त्यांत असे. होकुसाइ या चित्रकाराची ती प्रचंड निळी लाट तुम्ही कुठंतरी कॅलेंडरवर पाहिली असेल. ताबाइमो या जुन्या छापांतले रंग संगणकात उतरवून घेते आणि ते आपल्या चित्रांत भरते. रेषा मात्र सगळ्या हातानं काढते.

तुम्हांला शाळेतला खेळ आठवतो? वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात थोडं थोडं बदललेलं चित्र काढायचं आणि पानं भर्रकन सोडायची, की माणूस पळायला लागतो. हलत्या चित्रांचं मूळ तेच. एका सेकंदासाठी कितीतरी चित्रं लागतात, काही मिनिटांसाठी किती लागत असतील याचा हिशेब तुम्हीच करा. विणकाम करणारीला टाक्यांचा हिशेब नवा नाही! या कामातही तसंच आहे. एकेक टाका क्षुल्लक, पण एकही चुकवून चालत नाही.

जुन्या रंगांमुळे आणखी एक होतं. पाहणाऱ्याला चित्र ओळखीचं, आजीच्या घरातल्यासारखं वाटतं. तो निर्धास्त होतो. आणि मग फ्रिजचं दार उघडतं.

शेजारच्या खिडकीत डोकावणं

घर हा ताबाइमोचा आवडता विषय. २००३ च्या ‘भुताचं घर’ या चित्रात अंधारात प्रकाशाचा एकच गोल फिरतो. सहलीच्या ठिकाणी पैसे टाकून दुर्बिणीतून पाहतात ना, तसा. तो गोल शहरावरून सरकतो, इमारतींवरून जातो, लोकांच्या घरांत शिरतो. आत भलभलते प्रकार चाललेले दिसतात. नीट दिसेपर्यंत गोल पुढं सरकलेला असतो. भूत कुठंच नाही. मग भुताचं घर कुठलं? ज्या घरात काय चाललंय ते शेजाऱ्यालाही कळत नाही, ते.

२००७ च्या एका चित्रात बाहुलीघर आहे. युरोपियन पद्धतीचं, सुंदर. दोन मोठे हात येतात आणि एकेक सामान लावू लागतात. खुर्ची इथं, दिवा तिथं. दिवाळीआधी घर आवरताना आपले हात चालतात तसेच. मग त्या हातांना खाज सुटते, ते एकमेकांना खाजवू लागतात. घरात कुठून तरी ऑक्टोपसचे पाय वळवळत शिरतात, पाणी भरायला लागतं, आणि इतकं निगुतीनं लावलेलं सगळं वाहून जातं. घर ‘शोभेचं’ करण्यामागं लागलेल्या कुणालाही हे पाहताना क्षणभर आपले हात पाठीमागं लपवावेसे वाटतील.

२००९ च्या ‘दानदान’ या चित्रात ‘दांची’ आहेत. ‘दांची’ म्हणजे सरकारी गृहनिर्माणाच्या वसाहती. युद्धानंतर घरांची टंचाई होती, म्हणून १९५५ मध्ये जपानी गृहनिर्माण महामंडळ निघालं आणि एकसारख्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतल्या घरांत एक नवी गोष्ट आली: स्वयंपाकाची आणि जेवणाची खोली एकच, टेबल-खुर्च्यांची, स्टेनलेस स्टीलचं सिंक असलेली. तिथं राहायला मिळावं म्हणून लोक सोडतीत नावं घालत. त्या काळच्या जपानी गृहिणीची तीन स्वप्नं होती: टीव्ही, कपडे धुण्याचं यंत्र आणि फ्रिज. त्यांना लोक गंमतीनं ‘तीन पवित्र रत्नं’ म्हणत. आई-बापांच्या पिढीनं हौसेनं घेतलेला तोच फ्रिज पुढं लेकीच्या चित्रात येऊन बसला आणि त्याच्यात नवरा निघाला, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

‘दानदान’मध्ये ती इमारत सुरीनं केक कापावा तशी उभी कापून दाखवते. एकाच मापाच्या खोल्या, एकीवर एक. प्रत्येकीत वेगळा एकटेपणा. २००९-१० मध्ये योकोहामाला तिचं मोठं प्रदर्शन झालं, त्याचं नावच ‘दानमेन’, म्हणजे काप, छेद. जपानमध्ये १९४७ ते १९४९ या काळात जन्मलेल्यांना ‘दानकाइ’ म्हणजे ‘ढेकळाची’ पिढी म्हणतात. सगळे एकत्र घट्ट चिकटलेले. ताबाइमो म्हणते, आमची पिढी ढेकूळ नाही, काप आहे. एकेकट्या चकत्या. आईच्या पिढीत चाळ आणि लेकीच्या पिढीत बंद दाराचा फ्लॅट हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

याच प्रदर्शनात तिनं वर्तमानपत्रासाठी काढलेली चित्रंही होती. शुइची योशिदा यांची ‘आकुनिन’ म्हणजे ‘दुष्ट माणूस’ ही कादंबरी २००६-०७ मध्ये ‘आसाही शिंबून’ या दैनिकात क्रमशः येत होती. तिची चित्रं ताबाइमोची. म्हणजे संग्रहालयात न जाणाऱ्या वाचकांच्याही हाती ती रोज पडत होती.

आईकडून घेतलेला वसा

ताबाइमोची आई, शिओन ताबाता, ही कुंभारकाम करणारी कलावंत. जपानमध्ये ‘उत्सुशी’ नावाची एक पद्धत आहे. जुन्या थोर कारागिराची वस्तू समोर ठेवायची आणि तशीच आपल्या हातानं घडवायची. ही नक्कल नव्हे. घडवता घडवता त्या माणसाचा हात कसा वळला असेल, तो इथं का थांबला असेल, हे आपल्या हाताला कळावं, यासाठी ते असतं. ओगाता केनझान हा तीनशे वर्षांपूर्वीचा नामांकित कुंभार. आईनं त्याच्या भांड्यांवर असं काम केलं.

लेकीनं हे पाहिलं आणि आपल्या कामात आणलं. २०१६ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या आशियाई कला संग्रहालयात तिचं जे प्रदर्शन झालं, त्याच्या नावातच ‘उत्सुशी’ हा शब्द होता. संग्रहालयातल्या जुन्या जपानी वस्तू तिनं निवडल्या, त्यांतलीच एक म्हणजे कावळ्यांचा थवा रंगवलेले जुने घडीचे पडदे, आणि त्यांना उत्तर म्हणून आपली हलती चित्रं शेजारी मांडली.

आईच्या हाताची आमटी आपण कशी शिकलो ते आठवा. माप विचारलं तर आई सांगायची, ‘अंदाजानं घाल’. मग आपण तिच्याशेजारी उभं राहून, तिचा हात पाहून करत राहिलो, आणि एक दिवस आमटी आपली झाली. आईचीही राहिली. उत्सुशी म्हणजे थोडंफार हेच.

विहिरीतला बेडूक

आता सगळ्यात मोठ्या मानाची गोष्ट. इटलीतल्या व्हेनिस शहरात दर दोन वर्षांनी जगातलं सर्वांत नावाजलेलं कलाप्रदर्शन भरतं. तिथं देशोदेशींची स्वतंत्र दालनं आहेत. २०११ मध्ये जपानच्या दालनासाठी एकट्या ताबाइमोची निवड झाली. वय होतं छत्तीसच्या आसपास.

१९५६ मध्ये वास्तुकार ताकामासा योशिझाका यांनी बांधलेल्या या दालनाची गंमत अशी की ते खांबांवर उभं आहे, आणि त्याच्या जमिनीत मधोमध एक भोक आहे. कलावंतांना ते नेहमी अडचणीचं वाटे. ताबाइमोनं तिथं विहीर पाहिली!

विहीर म्हटल्यावर बेडूक आलाच. आपल्याकडे ‘कूपमंडूक’ म्हणतात. ज्याला आपल्या विहिरीपलीकडचं जग माहीत नाही तो. ही गोष्ट चीनमध्येही फार जुनी आहे, तिथून ती जपानमध्ये गेली: विहिरीतल्या बेडकाला समुद्र ठाऊक नसतो. पण जपान्यांनी त्या म्हणीला आपल्या पदरचं एक शेपूट जोडलं. विहिरीतल्या बेडकाला समुद्र ठाऊक नसतो, पण त्याला आकाशाची खोली माहीत असते.

एवढ्या वाक्यावर तिनं दालन सजवलं. नाव दिलं ‘तेलेको-सूप’. तिच्याकडच्या बोलीत ‘तेरेको’ म्हणजे उलटसुलट, वरचं खाली. भिंतींवर हलती चित्रं, आरशांत त्यांची प्रतिबिंबं, पाणी आणि आकाश एकमेकांच्या जागी. आत शिरलेल्या माणसाला कळेना, आपण विहिरीत आहोत की आभाळात. त्या वेळी जपानमध्ये सगळे म्हणत होते की आपला देश बेटावर कोंडल्यासारखा झाला आहे, जगापासून वेगळा पडला आहे. आणि प्रदर्शन उघडलं त्याच्या तीनच महिने आधी, ११ मार्च २०११ ला, तिथं प्रचंड भूकंप आणि सुनामी होऊन गेली होती. अशा वेळी जगाच्या जत्रेत जाऊन तिनं मोठेपणाचा आव आणला नाही. ‘हो, आम्ही विहिरीतले,’ असंच जणू म्हटलं, आणि पाहणाऱ्याला मान वर करून बघायला लावलं.

असं चित्र पाहायचं कसं?

मुंबई-पुण्याला, किंवा मुलाबाळांकडे परदेशी गेल्यावर, अशा प्रकारचं प्रदर्शन पाहायची संधी तुम्हांला कधीतरी येईलच. तेव्हा या चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, ‘सुरुवात चुकली’ म्हणून हळहळू नका. ही चित्रं बहुधा फिरून फिरून लागतात. मधे शिरा, बसा, तेच पुन्हा आलं की उठा.

दुसरी, कुठं उभं केलंय किंवा बसवलंय ते पाहा. ती जागाही चित्राचाच भाग असते. आपण पाहुण्या आहोत, प्रवासी आहोत, की चोरून डोकावणाऱ्या?

तिसरी, आल्या आल्या ‘याचा अर्थ काय?’ विचारू नका. आधी विचारा, ‘हे मी कुठं पाहिलंय?’ साध्या वस्तूवर नजर ठेवा. फ्रिज, टेबल, नळ, हात. अर्थ बहुधा तिथंच दडलेला असतो.

आणि चौथी, घरच्यांना सांगायची. हलती चित्रं म्हणजे मुलांची, असं समजून लहानग्यांना घेऊन जाऊ नका. आधी स्वतः पाहून या. कार्टूनसारखं दिसतं ते सगळं मुलांसाठी नसतं.

राहता राहिलं एकच. घरात बसणाऱ्या बाईला ‘तुला बाहेरचं काय कळतंय!’ हे वाक्य जन्मात एकदा तरी ऐकावं लागतं. तुम्हीही ऐकलं असेल. ताबाइमोनं भांडून त्याला उत्तर दिलं नाही. तिनं कापायची फळी, सुरी, फ्रिज आणि टीव्ही मांडला आणि दाखवलं की कंपनी बुडाली, मुलं कोमेजली, माणसं एकेकटी पडली, हे सगळं याच ओट्यावर येऊन पोचलं होतं. गृहिणीला समुद्र माहीत नसेल. पण कुणाच्या ताटात भाकरी तशीच राहिली, कुणाचा डबा न उघडता परत आला, कोण कालपासून बोललं नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असतं?

फक्त एवढंच, की सुरी चालवता चालवता मधून मधून मान वर करून पाहायला हवं. ताबाइमोच्या त्या बाईनं एवढंच केलं नाही.